हवा कुणी अडवली

लतीफभाईला घाबरट म्हणणाऱ्यांत मी पहिला. ‘घाबरटभाई’ हे नाव मीच ठेवलं आणि कळंबोलीच्या ट्रकवाल्यांत मीच पसरवलं. आता तो नाही. वर्ष होत आलं. लोखंड बाजाराच्या मागच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं शेड अजून आहे, कुलूप लावलेलं. मी त्या रस्त्यानं जात नाही. लांबून वळसा घालतो.

त्यानं मला एकच गोष्ट तीनदा विचारली होती. तिन्ही वेळा मी ‘नाय’ म्हणालो. ते खोटं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं सांगताना जीभ आखडेल. पण माणूस कसा होता ते पण सांगायला पाहिजे. नुसतं मरण सांगितलं तर त्याच्यावर अन्याय होईल.

गाड्यांच्या एसीचं काम करायचा. त्यातही गॅस भरणं वगैरे त्याला आवडायचं नाही, ते कोणी पण करतो म्हणायचा. त्याचा हातखंडा म्हणजे डॅशबोर्डच्या जाळीतून हवा कमी येणं, नाहीतर येणंच बंद होणं. मूळचा श्रीवर्धनकडचा कोकणी मुसलमान. आमच्यासारखंच बोलायचा, मधे मधे ‘खुदा के वास्ते’ घालून. किडकिडीत अंग, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, चष्म्याला मागून दोरी. खिशात पतंगाच्या कागदाच्या गुलाबी पट्ट्या. दुसरं हत्यार हातात घ्यायच्या आधी ती पट्टी एकेका जाळीपुढं धरायचा आणि ती कशी उडते ते बघत बसायचा. जोरात, अर्धवट, की नुसतीच थरथर. हात लावून हवा समजत नाही, हात खोटं सांगतो, म्हणायचा.

मी त्याच्याकडं पहिल्यांदा गेलो तो तणतणतच. माझी सात सीटची व्हॅन. मागची सीट काढून टाकलेली, तिथं मासळीच्या पाट्या. उरणच्या बंदरावरून हिराबाय आणि तिच्या तीन सोबतिणींना रोज सकाळी पनवेलच्या बाजारात आणायचो. चाळीस वर्षं ट्रक चालवून झाल्यावर घरी बसवेना म्हणून हे काम धरलेलं. एसीतून फुंकर मारल्यासारखी हवा यायला लागली आणि हिराबायनं माझा जीव खाल्ला. “नाना, तुजा यसी हाय का म्हातारीचा श्वास?” रोज.

लतीफभाईनं मला स्टुलावर बसवलं. बॉनेटला हात नाही, आधी प्रश्न.

“सगळ्या जाळ्यांतून कमी येते का एकीतूनच?”

“कमी येते म्हंजे येते.”

“गाडी चालू केल्यापासून कमी, का अर्ध्या तासानं मरते?”

“तू मेकॅनिक हायेस का वकील?”

हसला नाही. “नाना, सुरुवातीला जोरात येऊन मग मरत असेल तर आत बर्फ धरला. सगळीकडून सारखी कमी असेल तर फिल्टर. पंखा चारवरच फिरत असेल, एक-दोन-तीनवर नाही, तर त्याची वायर नाहीतर रेझिस्टन्स गेला. आणि पंख्याचा आवाज चांगला येतो पण हवा नाही, तर कुणीतरी वाट अडवलीय. मला एवढंच शोधायचं असतं. हवा कुणी अडवली. तुम्ही सांगितलं तर पाच मिनिटं. नाही सांगितलं तर मला आत तोंड घालावं लागतं, आणि मला आत तोंड घालायची भीती वाटते.”

भीती वाटते हे वाक्य पुरुषासारखा पुरुष चार गिऱ्हाइकांपुढं असं सरळ बोलतो हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला किळस आली, खरं सांगतो.

माझ्या गाडीचा फिल्टर निघाला. उलव्याच्या रस्त्यानं रोजची ये-जा, तिकडं सगळीकडं बांधकाम, सिमेंटची धूळ. लतीफभाईनं तो फिल्टर बोटानं वाजवून दाखवला. ठक ठक.

“नाना, हा फिल्टर नाही. लादी आहे. घरी न्या, न्हाणीत बसवा.”

असा विनोद तो करायचा, पण चेहरा तसाच. लोक हसायचे आणि तो पुढच्या गाडीकडं जायचा, पट्टी काढायचा.

त्याच्या भीतीच्या गोष्टी आमच्या चहाच्या टपरीवर रोजच्या. एकदा उलव्याच्या साइटवरच्या सुपरवायझरची गाडी आली. पट्टी जाळीपुढं धरली तर आतून काहीतरी उडून तिला चिकटलं. सापाची कात, नखाएवढी. लतीफभाईनं गाडीची दारं लावली, शेडमधून सगळ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहिला. साप पकडणारा येईपर्यंत अर्धा दिवस काम बंद. त्या माणसानं डॅशबोर्ड उघडून बघितला, साप नव्हताच. ट्रकवाले पोट धरून हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं. तो म्हणाला, “नव्हता तेच बरं. असता तर हसायला कोण उरलं असतं?”

दुसरी सवय याहून विचित्र. दुपारच्या उन्हात ट्रक टर्मिनसला ड्रायव्हर लोक काचा बंद करून, इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपतात. हा जेवण झालं की त्या रांगेतून फिरायचा आणि एकेका काचेवर नाण्यानं टकटक करायचा. आतला माणूस धडपडून उठायचा. गाडीचा धूर कुठून आत शिरला तर झोपेत माणूस संपतो, पत्ता लागत नाही, असं तो सांगायचा. ऐकून कोण घेतो? एकानं तर उतरून मुस्काटात मारली. मी तिथंच होतो. लतीफभाईनं चष्मा दोरीला लोंबत होता तो नीट लावला आणि मला म्हणाला, “चांगला दणका आहे. ठीक आहे हा.” आणि पुढच्या काचेवर टकटक.

मी म्हटलं, “एवढा भितोस कशाला रे?”

“दिसत नाही म्हणून,” तो म्हणाला. “आग दिसते, पाणी दिसतं. हवा दिसत नाही नाना. ज्याचं काम मी करतो तेच मला दिसत नाही.”

मला त्याचा राग यायचा आणि तरी मी त्याच्या शेडवर जाऊन बसायचो. का ते आता विचारू नका. त्याच्या इथं खोटं बोलावं लागायचं नाही, असं म्हणणार होतो. पण मीच तर बोललो.

मागच्या दसऱ्याला गाडीची पूजा केली. डॅशबोर्डवर देव, देवाला झेंडू, अक्षता, हळदकुंकू. दरवर्षीचंच. चार दिवसांनी हवा थोडी कमी वाटली म्हणून त्याच्याकडं गेलो. त्यानं पट्टी धरली, काचेच्या कडेला असते त्या फटीत टॉर्च मारली आणि उठून हात साबणानं धुऊन आला. मग चिमट्यानं एकेक काढायला लागला. झेंडूच्या पाकळ्या, तांदळाचे लाल दाणे. सगळं एका कोऱ्या पांढऱ्या कागदावर. एक दाणा खाली पडला तर तो पण उचलला. पुडी बांधली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

“हे तुमचं, नाना. खाडीत सोडा. पुढच्या वेळी देवाला डावीकडं बसवा, तिथं फट नाही.”

मग बाजूला घेऊन, हळू आवाजात, “आत लेंड्या आहेत. तांदळाला उंदीर आलाय. त्यात मासळीची गाडी. त्यानं वायर कुरतडली तर चालत्या गाडीत पेट घेईल. मला दोन दिवस द्या, सगळं खोलून साफ करतो, जाळी लावतो.”

हिराबाय गाडीत बसलेली. तिनं ऐकलं. “उंदीर? आनी नाना गाडीचा मालक! आता उंदराला बी भाडं लाव रं!”

चौघी खदखदून हसल्या. मला लागलं ते. म्हटलं, “उंदराला मी बघतो. चाळीस वर्षं खोपोलीचा घाट उतरलोय. उंदरासाठी मेकॅनिक नको.”

लतीफभाई एवढंच म्हणाला, “औषध ठेवू नका. खुदा के वास्ते, गाडीत औषध नको.”

घरी भाताच्या पिंपात किडीसाठी टाकायच्या गोळ्या होत्या. भावकीतल्या एकानं दिलेल्या. त्यानं उंदीर पण मरतो एवढं माहीत होतं. जास्त माहीत करून घ्यायची मला सवय नाही. फडक्यात पुडी बांधली आणि बॉनेट उघडून, पुढच्या काचेखाली जिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, तिथं सारून दिली. वाटलं, उंदीर तिकडूनच येत असेल.

दुसऱ्या दिवसापासून एसीची हवा जवळजवळ बंद. पंखा घोंघावतोय आणि जाळीतून काही नाही. ऑक्टोबरचं ऊन. बायांनी सगळ्या काचा खाली केल्या आणि पनवेलपर्यंत मला शिव्या. त्या दिवशी हिराबायची सून पण सोबत होती, पनवेलच्या डॉक्टरला दाखवायला. सातवा महिना. ती दोनदा ओकली. हिराबाय म्हणाली, पहिलटकरीन हाय, लागते गाडी. माझंही डोकं दुखत होतं. वाटलं, ऊन. वास येत होता सडक्या मासळीचा, तर मासळीच्याच गाडीत मासळीचा वास नाही येणार तर काय येणार? त्याच्या पुढच्या दिवशी पण तसंच.

तिसऱ्या दिवशी समुद्रात वादळाचा इशारा, बोटी बंद, बाजार बंद. मी गाडी आतून-बाहेरून फिनाईल घालून धुतली. काचेवर पाइपनं पाणी मारलं. आणि ती घेऊन लतीफभाईकडं गेलो.

शेडवर करंजाड्याचे एक साहेब आपल्या गाडीपाशी उभे होते, दोन ट्रकवाले चहा पीत होते. लतीफभाईनं पंखा चालू केला, पट्टी धरली. पट्टी सरळ खाली लोंबली. त्यानं पंखा बंद केला, आत वाकून हुंगलं आणि मागं सरला.

“हा वास कसला?”

“मासळीचा. दुसरा कसला?”

“आज बोटी बंद आहेत.”

“कालचा असंल.”

“गाडी तर फिनाईलनं धुतलीय.” तो माझ्याकडं वळला. “नाना, उंदरासाठी काही ठेवलंय?”

“नाय.”

ट्रकवाल्यातला एक हसला. “नानानं उंदराला घाटात ढकलला असंल.”

लतीफभाईनं त्याच्याकडं बघितलं पण नाही. “गोळी, पावडर, काही? मी ओरडणार नाही. मला फक्त माहीत पाहिजे.”

“नाय म्हटलं ना.”

साहेब बघत होते. ट्रकवाले बघत होते. आठवड्यापूर्वीच ‘मी बघतो’ म्हणालेलो. माझं तोंड असं आवळलं गेलं होतं की आत हातोडी घातली असती तरी उघडलं नसतं.

त्यानं तोंडाला रुमाल बांधला. गाडीची चारी दारं उघडली. डाव्या सीटपुढच्या जागेत अंग घातलं आणि पाठीवर आडवा झाला, डोकं डॅशबोर्डच्या खाली. तिथून, स्क्रू सोडवता सोडवता, तिसऱ्यांदा. आवाज रुमालातून येत होता.

“नाना, आत हात घालतोय. नक्की काही नाही ना?”

गोळ्या म्हणजे नक्की काय हे मला ठाऊक नव्हतं, पण तो जसा विचारत होता त्यानं मला भीती वाटली. पहिल्यांदा. आणि भीती वाटली म्हणूनच मी जास्त जोरात म्हणालो, “नाय रे बाबा!”

पंखा खाली आला. पंख्याच्या तोंडाला माझं फडकं चिकटून बसलेलं. पंख्यानं ते ओढून घेतलं होतं आणि वाट बंद केली होती. धुतल्याचं पाणी त्यातून टपकत होतं, लतीफभाईच्या छातीवर. फडक्यात राखाडी भुकटी.

तो ओरडला ते मी कधी विसरणार नाही. घाबरल्याचा आवाज नव्हता तो. हुकूम होता. “लांब जा! सगळे लांब! वाऱ्याच्या वरच्या अंगाला!” साहेब पळाले, ट्रकवाले पळाले. मी पण पळालो, सांगायला लाज वाटते. रस्त्यापलीकडून बघितलं तर तो गाडीतून बाहेर येत होता, हात लांब केलेला, हातात ते फडकं. टाकून का देत नाही? शेडच्या बाहेर टाकलं असतं तर रस्त्यावरची माणसं, कुत्री, शेजारचा चहावाला. म्हणून तो चालत राहिला. भिंतीच्या कडेनं, मागच्या मोकळ्या प्लॉटवर, पार मधोमध. तिथं ठेवलं, आणि कोणी जाऊ नये म्हणून भोवती दगड मांडले. चार दगड. सापाच्या कातीला पाहून रस्त्यापलीकडं पळालेला माणूस.

परत आला, उंबऱ्यावर बसला. पाणी दिलं तर नको म्हणाला. छातीवर तळहात दाबून धरला. म्हणाला, “नाना, हवा अडली म्हणून तुम्ही वाचलात. फडकं वाटेत बसलं, तुम्ही काचा उघडल्या. एसी जोरात चालत असता तर संपला असतात.” मग साहेबांकडं वळून, “साहेब, तुमची गाडी काढा. मला दवाखान्यात न्या. लवकर.”

दोषाचा एक शब्द मला बोलला नाही. कुणी ठेवलं, का ठेवलं, काही नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मात्र मी सांगितलं. गोळ्या कसल्या, किती, कधी. त्यांनी माझा पण रक्तदाब तपासला, मशीनला लावलं. मग म्हणाल्या, “ओल लागली की या गोळ्यांतून विषारी गॅस सुटतो. त्यावर उतारा नसतो, आजोबा. शरीर पेलेल तेवढं पेलेल. गाडीत आणखी कोण बसलं होतं?”

मी म्हणालो, मी एकटाच.

हे दुसरं खोटं. हिराबायचा नवरा, दीर, सगळा कोळीवाडा डोळ्यांपुढं आला. ती सून डोळ्यांपुढं आली. विचार केला, दोन दिवस झालेत, काही व्हायचं असतं तर झालं असतं. घरी आलो. झोप नाही. फोन वाजला की अंगाला घाम, हिराबायच्या घरचा तर नसेल. वाजला नाही तरी घाम. चाळीस वर्षं घाटात ब्रेक फेल होईल म्हणून कधी भ्यालो नाही, आणि आता खिशातल्या फोनला भीत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या बायकोचा निरोप आला. तो मला बोलावतोय.

काचेच्या खोलीत होता. तोंडावर मास्क, ओठ निळसर, हाताला नळ्या. चष्मा नव्हता, त्यामुळं ओळखीचा वाटेना. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यानं हात हलवून गप्प केलं. मास्क बाजूला केला. दोन शब्द बोलायचा आणि थांबायचा.

“बाया. सांगितलं?”

मी खाली बघितलं.

“किती होत्या?”

“चौघी,” मी म्हणालो. मग म्हणालो, “पाच. हिराबायची सून पण. पोटुशी आहे.”

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं गेला. पण उघडले. “फोन लाव.”

सिस्टर आत आली, फोन बंद करा म्हणाली. लतीफभाईनं तिच्याकडं असं बघितलं की ती मशीनचे आकडे बघत तिथंच उभी राहिली.

मी फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि हिराबायला सगळं सांगितलं. गोळ्या मीच ठेवल्या. गाडीत विषारी हवा होती. ती बाई आयुष्यात कधी गप्प बसलेली मी बघितली नव्हती.

“हिराबाय?”

“ऐकते हाय.”

“नाना नाही,” लतीफभाई म्हणाला, फोनकडं मान करून. “मी लतीफ. बाई, एकेकीला विचारा. श्वास नीट का. छातीत धडधड का. फोन ठेवू नका. मी थांबतो.”

ती निघाली. फोन चालूच. तिच्या चपलांचा आवाज, कोंबड्या, कुठंतरी टीव्ही. पहिल्या दारात उभी राहून ओरडली, आतून बाई आली, “काय झालं गो? नाय, मी बरी हाय.” लतीफभाईनं चादरीवर मूठ ठेवली होती. अंगठा उघडला. दुसरं घर. दुसरं बोट. तिसऱ्या घरी बाई झोपली होती, उठवली, डोकं जड वाटतंय म्हणाली पण चालते-फिरते. तिसरं बोट, जरा उशिरा. “त्यांना पण दवाखान्यात न्या,” तो म्हणाला. हिराबाय स्वतः चौथी, “माजं काय व्हतंय,” म्हणाली. चौथं बोट.

“सून?”

“घरात नाय दिसत,” हिराबाय म्हणाली. आणि मग हाक मारायला लागली. तिचा आवाज चढत गेला. एक हाक, दोन, शेजारणीला विचारलं, ती म्हणाली मघाशी होती. परत हाक. मशीनचा आवाज लवकर लवकर यायला लागला तशी सिस्टर पुढं झाली. लतीफभाईनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. बर्फासारखा हात. मला वाटत होतं फोन फेकून पळून जावं. किती वेळ गेला माहीत नाही. नंतर कळलं ती मागच्या दारी जाळी वाळत घालत होती. त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेली, दोन दिवस ठेवून सोडली, आणि पुढं वेळेवर बाळंत झाली. पण ते नंतर.

तेव्हा फक्त लांबून एक पातळ आवाज आला. “काय गो आई, कशाला बोंबलतेस? मी हितं हाय.”

“पोरीला विचारा,” लतीफभाई म्हणाला, “पोट हलतंय का.”

कुजबुज झाली. मग ती मुलगीच फोनवर आली, लाजल्यासारखी. “हलतंय, भाई. लाता मारतंय.”

त्यानं करंगळी उघडली. पाचही बोटं चादरीवर पसरलेली. सिस्टरनं मास्क पुन्हा तोंडावर बसवला, मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि पडदा ओढला. पडदा पुरता सरकेपर्यंत मी बघत होतो. तो हात त्यानं मिटला नव्हता.